दिव्याचं खळं

आमच्या मोठ्या बाईंना देवानं दोन डोळे दिले होते, पण दोन्ही एकाच वेळी वापरणं त्यांना उधळपट्टी वाटायची. शाळेत उजवा, घरी डावा, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. ज्या डोळ्याची सुट्टी असेल त्याच्यावर पांढऱ्या रुमालाची घडी, आणि ती घडी हलू नये म्हणून वरून कपाळावर करकचून बांधलेली पट्टी. पट्टी तशीही त्यांच्या डोक्याला कायमचीच होती, कारण डोकं कायमचं दुखायचं. पट्टीखाली सुंठेचा लेप असायचा. उन्हाळ्यात तो घामानं पातळ होऊन भुवईवर उतरायचा आणि बाई फळ्यावर बेरीज मांडता मांडता पदरानं टिपून घ्यायच्या.

हिंगोलीतल्या मुलींच्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई. मी त्यांच्या हाताखालची नवी बाई, आणि त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. त्यामुळं त्यांचे दोन्ही डोळे उघडे बघितलेली त्या गावात बहुधा मी एकटीच. बाकीचं गाव निम्म्याच बाईंना ओळखत होतं.

डोळा झाकायचं कारण विचारलं तर त्या अगदी धडा शिकवावा तसं सांगायच्या. "डोळ्याला तेल असतं. जल्माला येतानाच भरून देतात. कोणी ते उधळून टाकतं, कोणी पुरवून वापरतं. तेल कमी पडलं का वात करपती. डोकं दुखतं म्हंजी काय? वात करपून राहिली."

मी तेव्हा नव्या नोकरीच्या तोऱ्यात होते. म्हटलं, "मग बाई, एक कानही बंद ठेवा की. त्यातलंही तेल वाचेल."

"कानाला झाकण दिलंय का देवानं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "डोळ्याला पापणी काहून दिली मंग?"

आणि त्यांनी पट्टीची गाठ आणखी आवळली.

मी कुरुंद्याची. वडील दुसऱ्यांच्या शेतात हळद काढायचे, ती शिजवायच्या कढईवर राबायचे. आमच्या घरातली मी पहिली नोकरदार. मला घेऊन वडील हिंगोलीत खोली शोधत फिरले तेव्हा आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. एका ठिकाणी तर आमच्यासमोर कुलूप काढता काढता ती गेली. संध्याकाळी आम्ही बाईंच्या दारात उभे राहिलो. वडिलांनी हात जोडले आणि आता आडनाव विचारणार म्हणून आधीच मान खाली घातली. बाईंनी माझ्याकडं डाव्या डोळ्यानं निरखून बघितलं आणि विचारलं, "डोकं दुखतं का हिचं?"

"न्हाई जी," वडील गडबडून म्हणाले, "लई हुशार हाय."

"हुशारीचं न्हाई इचारलं. दुखतं का?"

"न्हाई दुखत," मी म्हणाले.

"मंग ऱ्हा," बाई म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली दिली. दुसरं काहीच त्यांनी कधी विचारलं नाही. वडील परत जाताना माझ्या कानात म्हणाले, "बाई येडी हाय, पण मानूस हाय." ते एका भेटीत ओळखून गेले. मला ते कळायला पुढं बराच काळ लागला.

शाळेतून परत आलं की बाई उंबऱ्यावर थांबायच्या. तिथं डोळ्यांची पाळी बदलायची. समोर पिठाची गिरणी होती आणि गिरणीवर पाटी, 'येथे दळण दळून मिळेल'. आधी उजव्या डोळ्यानं बाई ती पाटी वाचायच्या, ओठ हलवून, हळू आवाजात. मग पट्टी सोडायची, घडी उचलून उजव्यावर ठेवायची, आणि डाव्यानं तीच पाटी पुन्हा वाचायची. मग आत. हा सोहळा रोज. मी मागं पिशवी घेऊन उभी. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांखालून हसायचा. एकदा ओरडून म्हणाला, "बाई, पाठ झाली नसंल तर लिहून देऊ का?" मलाही हसू आलं होतं. म्हटलं, असतं एकेकाचं.

डोकेदुखी या विषयात बाईंचा अधिकार मोठा. शाळेतल्या कोणत्याही मुलीनं कपाळाला हात लावला की तिला सुकडीच्या खोलीत बसवायच्या. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सुकडीची, म्हणजे मुलांना वाटायच्या सरकारी गोड खाऊची, पोती शाळेत अजून येत होती. ती ठेवायची ती खोली, खिडकी नसलेली, दार लावलं की काळाकुट्ट अंधार. "अंधारात डोळ्याला इसावा भेटतो," हे बाईंचं औषध. मुलींना त्या औषधाचा चांगलाच गुण यायचा. आत गेलेली मुलगी थोड्या वेळानं दोन्ही गाल फुगवून, ओठाला सुकडीचा चुरा लागलेली बाहेर यायची आणि म्हणायची, "ऱ्हायलं बाई." शनिवारी तर अर्ध्या वर्गाचं डोकं दुखायचं. बाईंच्या ते कधी लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि त्यांनी एका डोळ्यानं बघून दुसऱ्यानं सोडून दिलं असेल.

त्या स्वतःही त्या खोलीत जाऊन बसायच्या. पण घरी जास्त. त्यांचं दुखणं दिवेलागणीचं होतं. दिवस मावळला की डाव्या भुवईच्या वर कोणीतरी गिरमिट फिरवतंय असं त्या म्हणायच्या. मधल्या खोलीच्या खिडकीला त्यांनी घोंगडी ठोकून ठेवली होती. त्या खोलीत जाऊन पडायच्या. मी चहा घेऊन गेले तर आतून आवाज यायचा, "दार लाव आधी." त्या अंधारात नुसता श्वास ऐकू यायचा. सुरुवातीला गंमत वाटायची. मग मला त्या खोलीत जायची भीती वाटायला लागली.

आता ती गोष्ट सांगते जिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. एका सकाळी बाई चौथीच्या वर्गावर आल्या. मी तिथं कविता शिकवत होते. मला थांबवून त्यांनी मुलींना विचारलं, "पोरींनो, चंद्राला खळं पडतं ते पायलंय ना? गोल, रंगीत? तसं रात्री दिव्याला पडतं का?"

आमच्या शाळेत प्रश्नाला उत्तर सगळ्यांनी एका सुरात द्यायचं असतं, आणि ते 'हो'च असतं. समजलं का? समजलं बाई! पाठ झालं का? झालं बाई! नखं कापली का? कापली बाई! काळ्या नखांचे हात पाठीमागं बांधून. आम्हीच त्यांना तसं शिकवलेलं. सगळा वर्ग ओरडला, "पडतं बाई!"

"समद्यांना?"

"समद्यांना बाई!"

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरले नाही. एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्यानं उतरून घ्यावं तसा त्यांचा चेहरा सैल झाला. त्या चक्क हसल्या. त्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि घरी जाताना त्यांनी मला स्टेशन रोडवर भजी खाऊ घातली. मला वाटलं, पगारवाढ झाली असेल.

त्याच पावसाळ्यात माझं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी मुलींच्या वह्या तपासायला बसलं की दोन्ही भुवयांच्या मध्ये ठणका सुरू व्हायचा. अक्षरं एकमेकांत शिरायची. मी बाईंना सांगणार नव्हतेच, पण मी कपाळ चोळताना त्यांनी बघितलं. मग उलटतपासणी सुरू झाली. कोणत्या बाजूनं? सकाळी का सांजच्याला? मळमळ होती का? आणि शेवटी, हळूच, "दिव्याला खळं पडतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"बराबर बघ. त्या बल्बकडं बघ."

मी बघितलं. बल्ब होता. पिवळा, माशांनी घाण केलेला. "नाही बाई. नुसता बल्ब दिसतो."

बाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, मला खळं दिसत नाही म्हणून मी त्यांच्या परीक्षेत नापास झाले. मग त्या आपल्या ताईची गोष्ट सांगायला लागल्या. बाई साखरा गावच्या. घरची कोरडवाहू जमीन. आई डोकं दुखता दुखता आंधळी झालेली, आणि आईनंतर थोरली बहीण.

"ताईला दिवसा काही नसायचं. दिवे लागले का डोकं धरायची. समदे म्हनायचे पित्त हाय. मंग एका दुपारी ती अंगणात जवारी निवडत बसली व्हती. मी बाजूलाच. ऊन असं का जमिनीवर पाय ठेवू देईना. अन् ताई म्हनली, 'अगं, किती अंधार पडून राहिला. दिवा लावा की कोणीतरी.'" बाईंनी कपाळावरची पट्टी चाचपली. "आमी हसलो. आमाला वाटलं मस्करी करून राहिली."

मी विचारलं, "डॉक्टरला नाही दाखवलं?"

"तेच तर चुकलं. डाक्टरकडं नेली. त्यानं काय काय इचारलं अन् सांगून टाकलं का गेले डोळे. त्यानं सांगेपर्यंत तिला थोडं थोडं दिसत व्हतं. घरी येईस्तोवर समदं गेलं. डाक्टर सांगतात, अन् मंग व्हतं. तू जाऊ नको पोरी. अंधारात पडत जा."

त्यानंतरचे माझे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. माझ्या घरात कोणी आंधळं नव्हतं, पण भीतीला पुरावा लागत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मिटल्या पापण्यांतून उजेड जाणवतो का ते बघायची. शाळेच्या वाटेवर एक डोळा मिटून दुकानांच्या पाट्या वाचायची, मग दुसरा. माझी नोकरी म्हणजे आमच्या घराची पहिली भाकरी होती. ती डोळ्यांवर चालत होती. एकदा गिरणीसमोर मी डावा डोळा झाकून उभी राहिले आणि वर बघते तर बाई उंबऱ्यातून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत कीव होती. मला त्या कीवेची सगळ्यात जास्त भीती वाटली.

पोळ्याच्या सुमाराला गावातल्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. बाहेरगावाहून डॉक्टर आले होते. मी बाईंना न सांगता गेले. रांगेत उभी राहिले आणि मागं वळून बघते तर बाई! हातात छत्री, डोक्याला पट्टी. "एकटी पोरगी चालली," त्या रागानं म्हणाल्या, "आंधळी होऊन घरी कशी येशील?" आणि दरवाज्याच्या बाहेर बाकावर बसल्या, दोन्ही डोळे घट्ट मिटून. आतला एक शब्दही डोळ्यांपर्यंत पोचू नये अशा.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत उजेड टाकला, काचा बदलून वाचायला लावलं आणि म्हणाले, "वाचायला चष्मा लागेल. डोळ्यांवर ताण येतो म्हणून डोकं दुखतं. बाकी काही नाही." मला रडू फुटायचंच बाकी होतं. ते चिठ्ठी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता सहज म्हणाले, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? खळ्यासारखं?"

तोच प्रश्न.

"नाही," मी म्हणाले. "दिसलं तर काय होतं?"

"तो काचबिंदू असू शकतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते, डोळा आतून ताठतो. लोक म्हणतात अर्धशिशी आहे, पित्त आहे, आणि अंधारात जाऊन पडतात. अंधारात बाहुली मोठी होते आणि उरलेली वाटही बंद. कुणाला असं दिसत असेल तर वेळ न घालवता घेऊन या."

बाईंना हा प्रश्न कुठून मिळाला ते मला तिथंच कळलं. ताईच्या डॉक्टरनं 'काय काय इचारलं' त्यातला हा एक. ताईनं 'हो' म्हटलेलं बाईंनी ऐकलं होतं, आणि पुढं काय झालं ते बघितलं होतं. मग त्या तोच प्रश्न ज्याला त्याला का विचारत होत्या? मी बाहेर आले. बाईंनी डोळे मिटलेलेच होते. "काय म्हनला?"

"चष्मा लागलाय नुसता. बाई, तुम्हाला पडतं का दिव्याला खळं?"

"समद्या पोरींना पडतं," बाई म्हणाल्या. "ऐकलं न्हाईस तू? वर्गातच व्हतीस."

"बाई, त्या पोरी कशालाही हो म्हणतात."

"एवढ्या पोरी खोटं बोलतील?" त्यांचा आवाज चढला. रांगेतली माणसं बघायला लागली. "लहान लेकरं हायेत ती! त्यांना काय पडलंय खोटं बोलायचं?"

"बरं, शाळेच्या डोळ्यानं तरी एकदा घरचा दिवा बघा. उजव्यानं पडतं का ते तरी कळेल."

"शाळेच्या डोळ्यानं घरचा दिवा बघायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून चालायला लागल्या. पाऊस नव्हता. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हिसडा देऊन सोडवला. मी डॉक्टरांना बाहेर बोलावून आणलं तोपर्यंत बाई वळणाच्या पलीकडं गेल्या होत्या, आणि रांग आमच्या नावानं ओरडत होती.

पुढच्या आठवड्यात गिरणीवाल्यानं पाटी नवी रंगवून घेतली. 'येथे दळण दळून मिळेल' याच्याखाली एक ओळ वाढवली, 'शनिवारी बंद'. संध्याकाळी बाई उंबऱ्यावर थांबल्या. मी मागं. उजव्या डोळ्यानं वाचलं, "येथे दळण दळून मिळेल. शनिवारी बंद." पट्टी सोडली, घडी बदलली. डाव्या डोळ्यानं वाचलं, "येथे दळण दळून मिळेल."

आणि थांबल्या.

त्यांची पाठ मला दिसत होती, ती हलत नव्हती. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, डाव्याच डोळ्यानं, जरा मोठ्यानं, "येथे दळण दळून मिळेल. शनिवारी बंद." आणि आत निघून गेल्या. जाताना उंबऱ्याला ठेचाळल्या.

एवढी भीती मला स्वतःच्या डोळ्यांसाठीही वाटली नव्हती. ही बाई स्वतःलाच कॉपी करून पास करत होती. मी रात्री जेवताना विषय काढला, दुसऱ्या दिवशी काढला, हात जोडले, रागावले. त्या म्हणायच्या, "तकलीफ माझी हाय, तुला काहून घोर?" शेवटी माझ्याशी बोलणंच बंद केलं. चहा मात्र दोघींचा टाकायच्या.

मग ती संध्याकाळ आली. दुपारपासून आभाळ भरलेलं, आणि दिवेलागणीलाच लाईट गेली. मी कंदील पेटवला. मधल्या खोलीतून ओकारीचा आवाज आला. मी दार ढकललं. बाई जमिनीवर पडल्या होत्या, डोकं दोन्ही हातांनी दाबून, लुगडं ओकारीनं भरलेलं. डावा डोळा उघडा होता, लालभडक, आणि त्याचं बुबुळ धुरकट दिसत होतं. मी कंदील त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"कोण? पोरी?" बाई म्हणाल्या. "अंधारात काहून आलीस? दिवा लाव की गं."

कंदील माझ्या हातात होता. त्याची धग माझ्या मनगटाला लागत होती.

मी काही बोलले नाही. माझं गप्प राहणं बाईंनी ऐकलं. त्यांनी हात पुढं केला, चाचपडत, आणि त्यांची बोटं कंदिलाच्या तापलेल्या काचेला लागली. त्यांनी हात मागं घेतला नाही, मलाच तो ओढून काढावा लागला. "ताई," त्या एवढंच म्हणाल्या. मला नाही. मी त्यांची पट्टी ओढून काढली, उजव्या डोळ्यावरची घडी फेकून दिली आणि ओरडले, "बघा! शाळेच्या डोळ्यानं बघा!"

उजवा डोळा उघडला, फिरला, माझ्यावर थांबला. बाई लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

शेजारच्या बाया जमल्या. एक म्हणाली पित्त आहे, एक म्हणाली नजर, एकीनं डोळ्यात घालायला कांद्याचा रस करून आणला. तो मी वाटीसकट अंगणात भिरकावला. गिरणीवाल्यानं आपला टांगा जोडला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, गोळी दिली, आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं नांदेडला न्यायला सांगितलं. परत येईपर्यंत लाईट आली होती. बल्ब चालूच ठेवला. बाई विनवत होत्या, बंद कर म्हणून. मी तेवढं एकच त्यांचं ऐकलं नाही.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डावा डोळा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, तो आधीपासूनच थोडा थोडा जात होता. आणि उजव्यातही वाट तशीच अरुंद आहे, आज ना उद्या तोही जाईल. बुबुळाला बारीक खिडकी पाडावी लागेल, म्हणजे पाणी अडणार नाही. बाईंनी जन्मभर खिडक्या बंद केल्या होत्या. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "एकच ऱ्हायला पोरी. त्यालाबी चाकू लावू द्यायचा?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तू सांग. तू शिकलेली हायेस. तू म्हनशील तर लावते."

माझं वय काय, माझी अक्कल काय! त्या बाईंचा उरलेला एकुलता डोळा माझ्या जिभेवर येऊन बसला होता. उलटं झालं तर? मी पळून जावं असं मला खरोखर वाटलं. पण त्यांनी माझं आडनाव न विचारता मला किल्ली दिली होती. मी म्हणाले, "लावा बाई."

पट्टीचे दिवस सगळ्यात वाईट. दोन्ही डोळे एकाच वेळी पट्टीखाली, तेही पहिल्यांदाच. बाई माझा हात सोडत नव्हत्या. पट्टी सोडायच्या दिवशी तर त्यांनी माझ्या मनगटात नखं रुतवली. डॉक्टरांनी कापूस उचलला. बाईंनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "चष्मा वाकडा बसलाय तुझा."

मी तिथं खुर्चीत बसून रडले.

घरी आल्यावर बाई उंबऱ्यावर सवयीनं थांबल्या. उजव्यानं पाटी वाचली, खालच्या ओळीसकट. मग पट्टीकडं हात गेला, थांबला आणि खाली आला. घोंगडी खिडकीवरून मीच काढली. रोज संध्याकाळी डोळ्यात औषध घातलं की आम्ही दोघी बल्ब लावून बसायचो. त्या बघायच्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. "आज न्हाई," त्या म्हणायच्या. मग मी भाजीला फोडणी द्यायची. मी त्या घरात राहिले तोवर एकही संध्याकाळ अशी गेली नाही की फोडणीच्या आधी मला धास्ती वाटली नाही.

रजा संपवून बाई शाळेत आल्या त्या दिवशी त्या थेट चौथीच्या वर्गावर गेल्या. मी दारात होते. मुलींनी उभं राहून नमस्ते म्हटलं. बाईंनी विचारलं, "पोरींनो, रात्री दिव्याला खळं पडतं का?"

"पडतं बाई!" सगळा वर्ग, एका सुरात.

बाई खुर्चीवर बसल्या. "आता एकेकीनं इथं यायचं," त्या म्हणाल्या, "अन् माझ्या कानात सांगायचं. चुकलं तरी मी रागावणार न्हाई. जसं दिसतं तसंच सांगायचं."

मुली घाबरल्या. आमच्या शाळेत असं कधी झालंच नव्हतं. पहिली आली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली आणि मग बाईंच्या कानाशी वाकली. बाईंनी मान हलवली. दुसरी आली. तिसरी. काही कानात बोलायचं विसरून मोठ्यानंच म्हणायच्या, "न्हाई बाई." "न्हाई पडत बाई." "नुसता दिवा दिसतो बाई." रांग संपेपर्यंत बाई प्रत्येकीला मान हलवत राहिल्या. शेवटची मुलगी जागेवर जाऊन बसली.

बाईंनी दाराकडं, माझ्याकडं बघितलं.

"तवाबी एकीलासुदिक दिसत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मी एकलीच व्हते."

मग त्यांनी मुलींना पुस्तकं काढायला सांगितली.